वडीलपदाची निवड आणि माझा बुलंद आवाज

१२ जानेवारी, सोमवार
अमळनेरच्या आमच्या मंडळीत वडीलपद रिकामं. पाळकसाहेबांच्या खालोखालचा मान. इतकी वर्षं चर्चच्या सतरंज्या कुणी झटकून घेतल्या? मी. पण महिला संघाने हायस्कूलच्या ज्योत्स्ना मॅडमचं नाव पुढे केलंय. बाई, आणि वडील! रविवारी निवड. त्याआधी माझं भाषण. बायबलात पौलाने साफ लिहिलंय, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं. विषय संपला.

वचन नेमकं कुठे ते आठवेना. बायकोने, प्रमिलाने, कणीक मळता मळता सांगितलं: करिंथकरांस पहिलं पत्र, चौदावा अध्याय. मला माहीत होतंच. खात्री करून घेतली.

१४ जानेवारी, बुधवार
हिने विचारलं, त्याच पत्रात अकराव्या अध्यायात बायका प्रार्थना करतात, संदेश देतात, ते कसं? म्हटलं, संदर्भ बघावा लागतो. मग चौदाव्याचाही बघा, म्हणाली. पौल फिबीला मंडळीची सेविका म्हणतो, त्याचं काय? अपवाद. येशूच्या पुनरुत्थानाची बातमी आधी बायकांनाच का? म्हटलं, निरोप पोचवणं वेगळं, नेतृत्व वेगळं. झकास उत्तर. तरी झोप नाही. गच्चीवर येरझाऱ्या. पद हुकलं तर पोराच्या लग्नपत्रिकेत नावापुढे काय छापायचं?

१६ जानेवारी, शुक्रवार
पाचोऱ्याच्या मित्राच्या, गिरधरच्या शेतात भरीत पार्टी. मिरची जपून, रविवारी बोलायचंय, असं हिने बजावलं होतं. माझा घसा काय आजचा आहे? दोनदा भरीत घेतलं. मग बांधावर उभं राहून भाषणाची फुल रिहर्सल. कापूस वेचणाऱ्या बाया काम सोडून बघायला लागल्या. छाप पडली.

१७ जानेवारी, शनिवार
आवाज नाही. हळद-दूध, काढा, गुळण्या. उद्यापर्यंत येईल. यायलाच पाहिजे.

१८ जानेवारी, रविवार
आला नाही. माझं अक्षर हिच्याशिवाय कुणाला लागत नाही, म्हणून पाळकसाहेबांनी हिलाच वाचायला बोलावलं. माझी बायको व्यासपीठावर उभी राहून सांगत होती की बायकांनी मंडळीत गप्प राहावं. तेही खणखणीत. पुढे तिने कंसातलंही वाचलं: "इथे थांबून बायकांकडे रोखून पाहणे." तिने थांबून पाहिलंसुद्धा. अख्खं चर्च हसलं. भाषण संपल्यावर तिने आपलं अकराव्या अध्यायाचं आणि फिबीचं सांगितलं. पाळकसाहेब मान डोलावत होते. मला फार वाईट वाटलं. सगळ्यात वाईट हे, की ती छान बोलली.

ज्योत्स्ना मॅडमनी उठून स्वतःचं नाव मागे घेतलं आणि प्रमिलाचं सुचवलं. मागून द्रौपदाअक्का ओरडल्या, "हिलेच वडील करा! बठ्ठ्या बाया तयार शेतस!" सगळ्या बाया तयार म्हणे.

आमच्याकडे संमती असेल तर उभं राहायचं, हा रिवाज. पाळकसाहेबांनी संमती विचारली आणि मी विरोध करायला ताडकन उठलो. सगळ्यांच्या आधी. घशातून नुसती हवा. पाळकसाहेबांनी हात जोडले. म्हणाले, हिलालभाऊ, एवढं मोठं मन बघायला मिळत नाही. टाळ्या. माझ्यामागे सगळी मंडळी उभी. ग्रुपवर फोटो आलाय. त्यात मी पुढे, तोंड उघडं.

१९ जानेवारी, सोमवार
आवाज अजून नाही. प्रमिला सकाळीच मंडळीतल्या आजाऱ्यांना भेटायला गेली, वडील म्हणून. सतरंज्या झटकायची पाळी माझीच. जाताना दारातून म्हणाली, काढा प्या आणि आठवडाभर अगदी गप्प राहा.

मी मान हलवली.