उतरलेली नव्हे, प्री-ओन्ड

१ मे, गुरुवार. सकाळी.
आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, आटोपून काल शिंदखेड्याहून परत आलो. सासरी पाहुणचार उत्तम, साडू असह्य. साडू म्हणजे राजदीपराव. सारिकाच्या धाकट्या बहिणीचे, शिल्पाचे यजमान. धुळ्याला कॉन्ट्रॅक्टर. आखाजीच्या पत्त्यांत मला हरवलं ते हरवलं, वर माझ्याकडे पंखा फिरवून म्हणतात, साडूभाऊंना वारा लागू द्या. सगळे हसले. मीही हसलो, पण वेगळ्या अर्थाने.

मुख्य घटना दुपारची. शिल्पाने तिची परदेशी बॅग सारिकापुढे धरली. ताई, मी आता ही वापरत नाही, आमच्या दिपूच्या साखरपुड्याला तू घे, तुला शोभेल, असं म्हणाली. सारिकाने बॅग खांद्याला लावली आणि आरशाकडे गेली. मी झोक्यावर बसलो होतो. तिथूनच ओळखलं की डुप्लिकेट आहे, आणि तसं सगळ्यांदेखत सांगितलंही. साडूच्या घरचं उतरलेलं आपण वापरायचं नाही, हे सारिकाच्या कानात सांगितलं. सारिकाने बॅग परत दिली. केवढी नामुष्की टळली.

माझी नजर चुकत नाही. जळगावच्या नामांकित सराफी पेढीत उगाच नाही मी. माझं काउंटर डबी आणि पाऊच देण्याचं असलं म्हणून काय झालं, सगळं सोनं शेवटी माझ्याच हातून बाहेर पडतं.

संकल्प: २५ तारखेला धुळ्यात शिल्पाच्या मुलीच्या, दिपूच्या साखरपुड्यात सारिकाच्या खांद्यावर अस्सल परदेशी बॅग दिसली पाहिजे. राजदीपरावांसमोर. लग्नाला इतकी वर्षं झाली, बायकोला असं काही घेतलं नाही, हेही एक कारण आहेच.

२ मे.
नव्या बॅगेची किंमत पाहिली. वेबसाइट बंद केली. पुन्हा उघडून शून्यं मोजली. बरोबर होती.

३ मे.
मोठा शोध. जगातले समजदार श्रीमंत लोक नवी बॅग घेतच नाहीत म्हणे. ऑनलाइन रीसेलरकडून प्री-ओन्ड घेतात. उतरलेली आणि प्री-ओन्ड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. उतरलेली म्हणजे ओळखीच्या माणसाने वापरलेली. प्री-ओन्ड म्हणजे अनोळखी माणसाने.

सुरक्षित खरेदीचे नियम ठरवले. आगाऊ पैसे नाहीत. खरं नाव, खरा पत्ता नाही. व्हिडिओ कॉलवर बॅग बघितल्याशिवाय व्यवहार नाही. शिलाई, चेन, बकल, वास, सगळं तपासायचं. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढायचा. परतीची अट लेखी घ्यायची. असे नियम पाळणारा माणूस फसूच शकत नाही.

५ मे.
सापडली. इन्स्टावर एक पेज आहे, मुंबईचंच असणार, फोटो मोजके, बोलणं सभ्य. बॅग तपकिरी, इटालियन कंपनीची. कंपनीचं नाव मला उच्चारता येतं, लिहिता येत नाही. शिल्पाच्या बॅगेचा रंगही साधारण असाच होता, पण हिच्यात एक राजेपण आहे. तिच्यात ते नव्हतं.

नवं सिम घेऊन पेजवाल्या मॅडमना मेसेज केला. नाव कळवलं, मि. पी. राज, अंधेरी वेस्ट. लिहिलं की मिसेसकडे अशा बऱ्याच आहेत, ही भाजीबिजी आणायला हवी आहे. मॅडमनी लगेच 'सर' म्हटलं.

७ मे.
मॅडमचा विश्वास बसावा म्हणून माझ्या पारखीचं उदाहरण दिलं. लिहिलं की आमच्या नात्यात धुळ्याला एक बाई आहेत, अशीच बॅग घेऊन मिरवतात, पण मी झोक्यावर बसल्या बसल्या ओळखलं की डुप्लिकेट आहे. यजमान कॉन्ट्रॅक्टर, पांढरी गाडी, पैसा आहे पण पारख नाही.

बराच वेळ उत्तर नाही. टायपिंग, बंद, टायपिंग, बंद. मग विचारलं, सर, झोका कुठे होता? मी म्हटलं, शिंदखेडा. माझं निरीक्षण किती बारीक आहे हे त्यांना कळलं असावं. त्यानंतर त्यांनी किंमत वाढवली. हे मला फार आवडलं. फसवणारा माणूस किंमत कमी करतो.

९ मे. दुपारी.
व्हिडिओ कॉल झाला. सुरक्षिततेसाठी कॅमेऱ्यावर बोट ठेवलं, तोंडावर रुमाल धरला आणि आवाज जाड काढला. हिंदीत बोललो. मॅडमनीही चेहरा दाखवला नाही, फक्त बॅग आणि हिरव्या बांगड्या. मधूनमधून हात थरथरत होता. खोकल्याची उबळ आली म्हणाल्या. मागे कुकरची शिट्टी झाली आणि एक म्हातारी ओरडली, "कोन शे वं फोनवर?"

मुंबईतसुद्धा आपली खान्देशी माणसं आहेत हे ऐकून ऊर भरून आला. स्वयंपाकाला ठेवलेल्या असतील. आवाज ओळखीचा वाटला, पण म्हाताऱ्यांचे आवाज सारखेच असतात. माझ्या सासूबाई, केसरबाई, हल्ली साखरपुड्याच्या तयारीला धुळ्यात शिल्पाकडे आहेत. त्याही अशाच ओरडतात.

शिलाई मोजली. बॅग हलत असल्यामुळे अंदाजे मोजली. अस्सल.

१२ मे.
पत्त्याचा प्रश्न. घरचा पत्ता द्यायचा नाही हा नियम. नवल आमच्या पेढीवर सेल्समन आहे, रोज बोदवडहून रेल्वेने येतो. त्याच्या घरचा पत्ता दिला. मॅडमनी विचारलं, सर, तुम्ही तर अंधेरीचे. मी कळवलं, बोदवडला आमचं फार्महाऊस आहे. कशाचं? केळीचं.

मॅडम म्हणाल्या, बोदवडला प्यायला पाणी नाही, केळी कुठून? मुंबईच्या बाईला बोदवडच्या पाण्याची माहिती कशी, असा विचार क्षणभर मनात आला. अभ्यासू आहेत. अशाच लोकांशी व्यवहार करावा.

१३ मे.
आगाऊ पैसे देणार नाही असं ठणकावून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, काही हरकत नाही सर, इंदूरची एक पार्टी थांबली आहे.

१३ मे. पाच मिनिटांनी.
सगळे पैसे पाठवले. पाठवताना स्क्रीनवर नाव आलं, शिल्पा. मेहुणीचंच नाव. शुभशकुन. आपल्याकडे दर चौथ्या घरात एक शिल्पा असतेच.

परतीची अट मॅडमनी लेखी दिली. बॅग जशी पाठवली तशी असेल तरच परत. योग्य आहे.

१६ मे.
पार्सल आलं. नवल ते घेऊन बोदवडहून गाडीत बसला आणि उशाला घेऊन झोपला. बॉक्स जरा दबला. त्याला म्हटलं, यात काय आहे हे कळलं असतं तर तुला झोप लागली नसती. तो म्हणाला, चांगलं मऊ होतं.

जेवणाच्या सुटीत पेढीच्या मागच्या खोलीत उघडलं. नियमाप्रमाणे व्हिडिओ काढला. नंतर बघितला तर पुढचा कॅमेरा चालू राहिला होता. पूर्ण व्हिडिओत मी आहे. मी खूप आनंदी दिसतो.

आत धुळ्याच्या पेपरचे बोळे. मुंबईहून येताना धुळ्याला पुन्हा पॅकिंग केलं असणार. अशी काळजी फक्त महागड्या मालाची घेतात.

फ्लॅपच्या आत कोपऱ्यात एक पुसट लालसर खूण सापडली. उभी रेघ, आडवी रेघ, टोकाला वळण. इटलीतले जुने कारागीर आपल्या कामावर खूण सोडतात असं कुठेतरी वाचलं होतं. नसेल वाचलं, तर कोणीतरी लिहायला हवं. अंगावर काटा आला.

१७ मे.
एक शेवटची खात्री. बकल पेढीतल्या कसोटीच्या दगडावर घासून पाहिलं. सोन्याची रेघ उमटली नाही. ती उमटणारच नव्हती, कारण बकल सोन्याचं नाही. पण बकलवर ओरखडा उमटला. मालक विचारत होते, प्रेमराज, हे काय चाललंय? मी म्हटलं, क्वालिटी चेक. ते म्हणाले, डब्यांचा?

ओरखड्यामुळे आता बॅग परत होणार नाही. पण परत करायचीच कशाला?

२४ मे, शनिवार.
सारिकाला बॅग दिली. ती उचलून इकडून तिकडून बघितली आणि म्हणाली, ही तर शिल्पाच्या बॅगेसारखीच आहे. मी शांतपणे फरक समजावला. शिल्पाच्या बॅगेचं बकल पिवळं होतं, हिचं सोनेरी. तिच्या बॅगेला वास नव्हता, हिला इटलीचा वास आहे. सारिकाने वास घेतला. म्हणाली, कापूर आणि नॅप्थलीनचा आहे. तिला सवय नाही.

पण मग तिने बॅग खांद्याला लावली आणि आरशापुढे उभी राहिली. बराच वेळ. पदर एकदा वरून घेऊन बघितला, एकदा खालून. मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की चहा मीच केला.

उद्यासाठी संकल्प: राजदीपरावांसमोर विषय आपण काढायचा नाही. फक्त कोणी विचारलं तरच.

२५ मे, रविवार. धुळे, हॉलमधल्या पंख्याखाली.
कोणी विचारलं नाही म्हणून विषय मी काढला.

मुलाकडचे एक काका शेजारी होते, सभ्य गृहस्थ. अस्सल परदेशी वस्तू कशी ओळखावी हे त्यांना ऐकायचं असावं, कारण ते उठून गेले नाहीत. राजदीपराव दोन खुर्च्या सोडून सरबत पीत होते. ऐकू जाईल इतका आवाज ठेवला. सारिकाकडून बॅग मागून घेतली, शिलाई दाखवली, फ्लॅप उघडला आणि इटालियन कारागिराची खूण दाखवली.

पुढच्या खुर्चीवरून सासूबाई वळल्या. चष्मा लावला, बॅग मांडीवर ओढली. म्हणाल्या, "हाई कुकू ते मीच लायेल शे."

सासूबाईंना घरात आलेल्या प्रत्येक नव्या वस्तूवर कुंकवाचं स्वस्तिक काढायची सवय आहे. आमच्या फ्रिजवर आहे. राजदीपरावांच्या गाडीवर आहे. माझ्या हेल्मेटमध्ये आतून आहे, कपाळ रोज तिथेच टेकतं. हे मला माहीत होतं. माहीत असून आठवलं नाही, यात माझा दोष नाही.

मी म्हटलं, आई, ही बॅग मुंबईहून आली आहे. त्या म्हणाल्या, "शिल्पानी पिशवी शे. जवाईबापू, तुमनाकडे कसी उनी?"

शिल्पा तबक घेऊन चालली होती. ती थांबली. मी सावरून घेत विचारलं, का हो, तुमची ती बॅग दिसत नाही आज? शिल्पा म्हणाली, "विकली भाऊजी. ताईला नको होती ना. अंधेरीच्या एका साहेबांनी घेतली. मोठी पारखी माणसं. बोदवडला त्यांचं केळीचं फार्महाऊस आहे."

राजदीपरावांच्या नाकातून सरबत आलं.

मी म्हटलं, योगायोग असतात. शिल्पा म्हणाली, असतात ना भाऊजी, त्या साहेबांचे पैसे तर तुमच्याच नावाने आले. सिम नवीन घेतलं होतं. खातं जुनंच राहिलं. माझ्या नियमांत खात्याचा नियम नव्हता.

दिपूच्या सासरचे काका आता खुर्ची जवळ घेऊन बसले. एवढा वेळ आपण काय ऐकत होतो ते त्यांना नीट समजून घ्यायचं होतं. शिल्पाने सगळं पहिल्यापासून सांगितलं. झोका, रुमाल, जाड आवाज. सासूबाई हसता हसता रडल्या. साखरपुडा वेळेवर झाला असता, पण भटजीही ऐकत होते.

मी सारिकाकडे बघितलं. ती हसत नव्हती.

२६ मे, सोमवार.
रजा.

काल निघताना शिल्पाने सारिकाची ओटी भरली. नारळ, खण, आणि एक पाकीट. घरी उघडलं तर माझे सगळे पैसे. ताईची वस्तू ताईला विकून मी कुठे जाऊ, असं म्हणाली होती म्हणे. पैसे सारिकाने स्वतःकडे ठेवले. ओटीतलं परत मागता येत नाही. बॅगही तिच्याकडेच आहे.

येताना गाडीत बॅग तिच्या मांडीवर होती. पारोळा गेल्यावर मी म्हटलं, निदान बॅग अस्सल आहे हे तर सिद्ध झालं ना. शिल्पाने तिचं बिलसुद्धा दाखवलं. मग सारिका बोलली.

म्हणाली, मला ती तेव्हाच आवडली होती. तुम्ही झोक्यावरून बघितली, मी हातात घेऊन बघितली होती. मी काही पारखी नाही, पण मला हवी होती. तुम्ही कानात बोललात म्हणून परत दिली, आणि शिल्पाचा चेहरा उतरला तो मी बघितला, तुम्ही नाही.

एरंडोल आलं. मग म्हटलं, माझं चुकलं. तिने बॅगेतून लाडू काढून दिला. म्हणजे बॅगेत लाडूही होते. चामड्याला तूप चालत नाही, हे मी बोललो नाही. लाडू खाल्ला.

संकल्प: पारख कायमची बंद. नवं सिम उद्या काढून टाकायचं.

संध्याकाळी.
सिम काढायच्या आधी मि. पी. राज यांना एक मेसेज आला होता. राजदीपराव. सर, स्विस घड्याळ आहे, एकहाती वापरलेलं. तुम्हाला नको, तुमच्या जळगावच्या साडूंना भेट द्यायचं आहे, आवडेल का त्यांना? खाली फोटो.

मला भरून आलं. माणूस मनाने वाईट नाही. फोटो सारिकाला दाखवला. तीही पहिल्यांदा हसली, म्हणाली, आता आभार माना आणि गप्प बसा.

आभार लिहिले. पाठवण्याआधी फोटो जरा झूम केला.

काटा मला ओरिजिनल वाटत नाही.