किनारा लागूच नये

आई,

इतके दिवस नुसतं पाणी बघून बोटीवरचे पाहुणे कंटाळत नाहीत का, असं तू विचारायचीस. नाही कंटाळत. सकाळी ज्यूस घेऊन जातो तेव्हा म्हणतात, किनारा लागूच नये.

आप्पा गेल्याचं कळलं तेव्हा बंदर सुटलं होतं. अजून किनारा नाही. दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा तू हात जोडून म्हणालीस, "तुमचा रविराज निघालाय, सांजच्याला नाशकात द्वारका चौकात उतरतोय." लगेच शिवला, असं प्रतिभाताई फोनवर म्हणाली. तिला बरं वाटत होतं.

हे पत्र तीच तुला वाचून दाखवेल, म्हणून टाकत नाही.

मी निघालोच नव्हतो, आई. आप्पांनी तुझा शब्द मानला. इथं पाण्यावर एकही कावळा येत नाही, नाहीतर त्याला खरं सांगितलं असतं.

तुझा,
रविराज