शेवटच्या बाकावरचा ठोका

प्रिय पप्पा,
सप्रेम सलाम.

माझा पहिला अल्बम झाला. तुमच्या भाषेत सांगायचं तर देवाच्या घरातला धांगडधिंगा संपला. कुठल्या कंपनीची वाट न बघता मी सगळं स्वतःच केलं, म्हणून रेकॉर्डिंगही आपल्या चर्चमध्येच केलं. किल्ली तुमच्याकडे, त्यामुळे तुम्ही रोज तोंड वाकडं करून शेवटच्या बाकावर राखणीला बसलात. "स्तुती करायची तर शांतपणे करावी," एवढंच म्हणायचात.

नंतर गाणी ऐकताना रेकॉर्डिस्ट वैतागला. मागून कसलीतरी टकटक येत होती. त्याने आधी पंख्याला दोष दिला, मग वायरींना. पण संथ गाण्यांत ती टकटक गायब, आणि उडत्या चालीच्या गाण्यांत बरोबर तालावर हजर. मी डोळे मिटून ऐकलं. तुमची काठी होती, पप्पा. तिच्या टोकाचं रबर झिजलंय, बदला म्हणून मी किती मागे लागले होते.

"पुसून टाकू का?" त्याने विचारलं. "तसा तालाला आपल्या ड्रमवाल्यापेक्षा पक्का आहे हा ठोका."

मी म्हटलं, राहू दे.

अल्बमवर सगळ्या वादकांची नावं आहेत. त्यांच्या खाली 'ठोका: शेवटचा बाक' असंही छापलंय. विचारलंत तर सांगेन, बाक कुरकुरत होता. हे पत्र मात्र तुम्हाला द्यायचं नाही. मला दुसराही अल्बम करायचाय, आणि हे वाचलंत तर तुम्ही काठी घरी ठेवून याल.

तुमची,
धांगडधिंगेवाली