दोन दिवसांच्या पाहुण्याचे गाठोडे कोणाला

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा धंदा दातांच्या दवाखान्यात खिडकीवर बसून लोकांना 'थोडं थांबा' म्हणणे, हल्लीचा धंदा स्वतःची कादंबरी स्वतःच भागाभागाने छापून वाटणे, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य वकीलबाईंच्या आग्रहाखातर घातले आहे. उद्या, गुरुवारी, माझे छातीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही कारण नाही. मी एकतीस वर्षे दुसऱ्या एका डॉक्टरांच्या वतीने हेच वाक्य लोकांना ऐकवले आहे, म्हणून मृत्युपत्र करते आहे. कोणाचा दबाव नाही. असता तर यापेक्षा बरे अक्षर काढले असते.

एक. माझे दोन खोल्यांचे घर, बँकेत जे काही असेल ते, आणि स्वयंपाकघरातले फोटोकॉपीचे मशीन माझ्या भाचीला द्यावे. ती माझ्या गेलेल्या भावाची मुलगी. मशीन जुने आहे. ओल्या हवेत कागद गिळते. डाव्या बाजूला दोनदा थोपटावे आणि चांगले बोलावे, शिव्या दिल्यास अडून बसते. याच मशीनवर 'दोन दिवसांचा पाहुणा' या माझ्या कादंबरीचे सहाशे अकरा भाग निघाले. दर शनिवारी आठ पानांचा एक भाग, आणि शेवटचे पान वाचकांच्या तक्रारींसाठी कोरे. प्रती शिंपीकाकांचे दुकान, लाँड्री आणि दवाखाना अशा तीन ठिकाणी ठेवायच्या. जुना भाग परत आणून देईल त्याला नवा मिळे. अशा रीतीने तक्रारी आपोआप घरपोच होत.

भाचीलाही आता अशीच मालिका स्वतः काढायची आहे, म्हणून घरासोबत थोडी अक्कलही तिच्या नावे करते. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, अक्कल मिळकतीत धरत नाहीत." तरी लिहिते. बाई गं, वार कधीही जाहीर करू नकोस. मी पहिल्याच भागात 'दर शनिवारी' असे छापून बसले आणि बारा वर्षे अडकले. तुझे बाबा शुक्रवारी गेले. शनिवारी सांत्वनाला आलेल्या एका बाईने माझा हात हातात घेतला, डोळे पुसले, आणि हळूच विचारले, "आजचा भाग दुकानात ठेवलाय का हो?" मी ठेवला होता. याची मला अजून लाज वाटते, आणि थोडा अभिमानही वाटतो.

दोन. पात्रांची वही, म्हणजे कोणाचे डोळे कसे, कोण लंगडतो, कोणाला दूध पचत नाही याची नोंद, हीसुद्धा भाचीला द्यावी. ही वही मी पहिल्या भागापासून ठेवायला हवी होती. ठेवली एकशे चाळिसाव्यापासून. त्याआधी, पाहुणा जिच्याकडे उतरतो त्या घरमालकिणीचा नवरा तीन वेगवेगळ्या आजारांनी वारला आहे.

त्याच वहीत लाल रेघेखाली लिहिले आहे की आपला दात दुखत असताना कोणाला मारू नये. दोनशेव्या भागात मी कादंबरीतल्या कंपाउंडरला मारले. त्या आठवड्यात माझी दाढ ठणकत होती, दुसरे काही कारण नव्हते. लाँड्रीवाल्याने माझ्या चादरी इस्त्री न करता परत पाठवल्या. वर चिठ्ठी, 'आमचं आता मन लागत नाही.' तीन आठवड्यांनी मला त्या कंपाउंडरचा जुळा भाऊ आणावा लागला. इतका निर्लज्जपणा मी आयुष्यात दुसऱ्यांदा केलेला नाही. चादरी मात्र कडक इस्त्रीत आल्या.

तीन. एका साप्ताहिकाच्या संपादकांना माझी लांब पट्टी द्यावी. मी सुरुवातीला त्यांच्याकडे कादंबरी घेऊन गेले तेव्हा त्यांनी दहा पाने चाळून सांगितले, "यात माणसं नुसती खातात आणि बोलतात. घडत काहीच नाही." पुढे त्यांच्या पत्नी आमच्या दवाखान्यात गरज नसताना दात साफ करून घ्यायला येऊ लागल्या, कारण बाहेरच्या खोलीत भाग वाचायला मिळे. पट्टी कशासाठी, ते त्यांना कळेल. न कळल्यास समास आखावेत.

चार. दातांच्या डॉक्टरांना मी काहीही ठेवत नाही. आत बोलावले की पेशंट 'एवढं पान संपवून येतो' म्हणतात, यावरून त्यांनी मला दोनदा नोकरीवरून काढण्याची धमकी दिली. पण वकीलबाई सांगतात की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते तो साक्षीदार म्हणून चालत नाही. सही केली तर त्याच्या वाट्याचे कलम बाद. तेव्हा डॉक्टर अगदी योग्य साक्षीदार आहेत. ते आत्ता समोर बसून माझी बिस्किटे खात आहेत आणि हे वाचून हसत आहेत.

पाच. मोठा स्टेपलर शिंपीकाकांना द्यावा. दुसरे साक्षीदार तेच व्हायचे होते. पण त्यांना नियम सांगितल्यावर म्हणाले, "मग सही राहू द्या. मला स्टेपलर हवा." बारा वर्षे त्याच्यावर डोळा ठेवून होते, मला माहीत आहे. दुसऱ्या साक्षीदाराची सोय त्यांनीच करावी असे ठरले, आणि ते 'आणतो कोणाला तरी' म्हणून आत्ताच बाहेर पडले आहेत.

सहा. आता गाठोड्याविषयी. पहिल्याच भागात पाहुणा मेणकापडात गुंडाळलेले एक गाठोडे घेऊन घरमालकिणीच्या दारात उभा राहतो आणि म्हणतो, दोनच दिवस राहीन. त्या गाठोड्याला तो कोणाला हात लावू देत नाही. त्यात काय आहे, हे बारा वर्षे लोक मला विचारत आले. डॉक्टरांनी त्यासाठी दाढेवर फुकट टोपी बसवून देऊ केली. मी गूढ हसत असे. त्या हसण्यावर माझी अर्धी इज्जत उभी आहे.

तर खरे सांगते. त्यात काय आहे ते मला माहीत नाही. कधीच नव्हते. पाहुण्याच्या हातात काहीतरी असावे म्हणून दिले. वाटले, पुढे सुचेल. सहाशे अकरा भाग झाले, सुचले नाही. भाचीबाई, शेवट ठाऊक नसताना सुरुवात करणे हा शूरपणा नव्हे. मी इतकी वर्षे पाहुण्याला तिथे ठेवून घेतले, कारण तो निघाला तर गाठोडे उघडावे लागेल.

(डॉक्टरांनी हे कलम वाचून बिस्किट खाली ठेवले आहे.)

सात. माझी थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका, हिच्याविषयी. आम्ही दहा वर्षे बोललेलो नाही. दोष माझा आहे आणि तो असा.

ताईचे ठरलेले लग्न मोडले तेव्हा तिने त्या माणसासाठी शिवलेले सहा रुमाल फरशी पुसायला काढले. रोज एक. सातव्या दिवशी ती शाळेत गेली आणि पुन्हा तो विषय निघाला नाही. हे तिने फक्त मला सांगितले होते. शहाण्णवाव्या भागाला काही सुचेना, तेव्हा मी ते रुमाल उचलून घरमालकिणीला दिले. नाव बदलले, गाव बदलले, रुमाल सहाचे आठ केले. नाव बदलले की माणूस ओळखू येत नाही, हा आम्हा लिहिणाऱ्यांचा गोड गैरसमज आहे.

ताईने तो भाग आमच्याच दवाखान्यात वाचला. डॉक्टरांनी तिला इंजेक्शन देऊन बाहेर बसवले होते. तिचा अर्धा जबडा बधिर होता, त्यामुळे मला जे ऐकायला हवे होते ते राहूनच गेले. तिने प्रत घडी घालून माझ्या खिडकीत ठेवली आणि दात तसाच सोडून निघून गेली. वाईट म्हणजे तो भाग आजवरचा सर्वांत चांगला झाला आहे. लोक रडले.

चार महिन्यांनी शिंपीकाकांच्या दुकानातून परत आलेल्या एका प्रतीवर हिरव्या शाईत ओळ होती, 'पाहुण्याला साखर वर्ज्य आहे ना? मग चहात तीन चमचे कसे?' ते अक्षर मी पाटीपासून ओळखते. पुढच्या भागात मी पाहुण्याला बिनसाखरेचा चहा दिला. तेव्हापासून दर आठवड्याला एक हिरवी ओळ येते. भाऊ गेला तेव्हा ताई खोलीच्या त्या टोकाला आणि मी या टोकाला बसलो होतो. पण त्या शनिवारच्या प्रतीवर होते, 'पाहुणा दोन दिवस जेवलेला दिसत नाही. त्याला कोणीतरी वेळेवर वाढा.' मी ते वाचले आणि उठून भात लावला.

या सर्व हिरव्या प्रती कपाटाच्या मधल्या खणात आहेत. त्या ताईच्या. गाठोडेही ताईचे. त्यात काय आहे ते तिने ठरवावे आणि शेवटचा भाग तिने लिहावा. मी तिचे दुःख न विचारता उचलले, तर माझी कादंबरी तिने घ्यावी, म्हणजे फिटंफाट. ताई, मी चुकले. हे तुला मी गेल्यावर कळेल, म्हणजे तोंड दाखवावे लागणार नाही, असा माझा भित्रा बेत आहे.

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल. दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस, बुधवार, दुपारचे साडेतीन.

पुरवणी, त्याच दिवशी, सव्वाचार वाजता.

शिंपीकाका साक्षीदार घेऊन आले. साक्षीदार म्हणून ताई आली.

तिने चष्मा लावला आणि उभ्यानेच सगळे वाचले. सहाव्या कलमापाशी एकदा माझ्याकडे पाहिले. सातवे दोनदा वाचले. डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. मग ताई वकीलबाईंना म्हणाली, "साक्षीदाराला यातलं काही मिळत नाही, बरोबर?"

"बरोबर. त्याचं कलम बाद होतं."

"मग द्या इकडे."

मी म्हटले, "ताई, अगं, सही केलीस तर सातवं कलम जाईल!"

"मला वाचता येतं." दहा वर्षांनंतरचे तिचे माझ्याशी हे पहिले वाक्य. पर्समधून पेन काढून तिने सही केली. मग खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "रुमालांचं आपण नंतर बोलू. सोडणार नाहीये मी तुला. पण तुझं गाठोडं माझ्या गळ्यात नको घालूस. दहा वर्षं मी थांबलेय ती शेवट लिहायला नाही, वाचायला. काय आहे त्यात ते तुझं तू शोध."

"आणि उद्या मी उठलेच नाही तर?"

"उठशील. एवढी माणसं ताटकळत ठेवून जायची तुझी पद्धत नाही. सकाळी किती वाजता निघायचंय? मी येतेय." मग डबा उघडून बघितला. "बिस्किटं सगळी यांनीच खाल्ली का?"

सबब सातवे कलम बाद समजावे. गाठोडे माझ्याकडेच राहिले. बाकी सर्व कलमे कायम.

सही करणारी: मी. अक्षर हलले आहे, पण डोके अजून ठिकाणावर आहे.

साक्षीदार पहिले: दातांचे डॉक्टर. (सहीवर बिस्किटाचा चुरा.)

साक्षीदार दुसरी: थोरली बहीण. (सही हिरव्या शाईत. सहीखाली, कोणी न विचारता, एक ओळ: 'शनिवारी भाग नाही आला तरी चालेल.')