चोपड्याच्या उतारावरचा वाळा

१५ जून
पोदेर सकाळी पाव टाकून गेला, त्याचे उंडे आज कडक. चहात बुडवून खाल्ले. मग मी, आमचे हे आणि सानिका ओहोळावर वाळा काढायला. नातीला पहिलं स्वतःचं काम मिळालंय! चोपड्याला नदीवर दिल्लीच्या बाईंनी घर बांधलंय, त्याच्या खालच्या उतारावर बाग करायची. गेल्या पावसात तिथली लॉन मातीसकट घसरून नदीत गेली. सा. म्हणते वाळाच लावणार.
म्हटलं, "अगो, वाळ्याची मुळं माठात घालतत. बागेत कोण लावता?"
"मुळांसाठीच लावतंय गो आजी. खोल जातत ती. माती सोडूची नायत."
तिचं खरं. आमच्या ओहोळाची कड कधी ढासळली नाही. बुडखे फोडून गोणपाटात गुंडाळले. हाताला अजून वास आहे. साबण लावला नाही मुद्दाम.

२ ऑगस्ट
चोपड्याला जाऊन आले. बसमध्ये खिडकीची जागा. मासेमारीची बंदी उठली, सुंगटं आली आहेत, ताजी कोलंबी, पण श्रावण. नुसती बघितली. कोळीण म्हणाली, "बघूचे पैशे नाय हां आजये."
उतार जागच्या जागी! एवढा कोसळला पाऊस, चिमूटभर माती हलली नाही. वाळा माझ्या कमरेला. सा. बांधावर उभी राहून हसत होती, लहानपणी दात पडल्यावर हसायची तशी. चपला चिखलात रुतल्या, एक तिथेच राहिली.

१२ ऑक्टोबर
तुरे आले. तांबूस जांभळे, वाऱ्यावर सगळे एका बाजूला कलतात. आमच्या ओहोळावर जन्मभर बघितले, पण ओळीत लावल्यावर वेगळेच दिसतात.
बाईंना फोटो पाठवले. तुळशीच्या लग्नानंतर येणार, बरोबर मैत्रिणी. आवडलं तर घराची वरची बाजूही सा. ला, आणि मैत्रिणींचीही कामं. नाही आवडलं तर वर लॉन, दुसऱ्या माणसाकडून. सा. ची झोप गेलीय. माझी नाही. मला ठाऊक आहे काय होणार ते.
हे दिवसाआड पाणी घालायला जातात. सा. ने चावी दिलीय. चावी कनवटीला लावून फिरतात, जसं घर ह्यांचंच.

३ नोव्हेंबर
काल तुळशीचं लग्न. ऊस, चिंचा, आवळे सगळं झालं. चुरमुरे जास्तच आणले.
आज संध्याकाळी दारात पिकअप. हे पुढे बसलेले, मागे गवताचे भारे. उतरले ते छाती काढून.
"सानिका, बघ! सगळो उतार साफ केलंय. गायीक महिनाभर पुरात."
सगळा वाळा. तुऱ्यांसकट. मुळापाशी विळा लावून.
ह्यांची तरी काय चूक. तुळशीचं लग्न झालं की विळ्याला धार लावायची, उभं गवत आडवं करायचं, हे ह्यांच्या हाताला ठाऊक. राहिलं तर शेजारी विचारतात, काय भाऊ, आजारी होतास?
सा. पायरीवर बसली. "आजो, ता बघूक लायलेला!"
"गवत? बघूक?"
खरंच विचारत होते. मला हसू आलं. पोरगी माझ्यावरच भडकली. गाईने मात्र तुरे आधी खाल्ले.

४ नोव्हेंबर
सा. म्हणते सगळं संपलं. मी म्हटलं, "वाळो तो. भात नव्हे, एकदा कापलो की गेलो. बुडखे जिवंत आसत. पाणी घाल." हे बाल्दी उचलून चोपड्याला गेले. जेवले नाहीत नीट.

९ नोव्हेंबर
चार बोटं फुटलाय! पोपटी. ह्यांनी सा. ला हाताला धरून दाखवलं. दोघांचा अबोला सुटला तिथे.
पण तुरे आता पुढल्या पावसाशिवाय नाहीत. सा. विचारत होती, बाईंना काय सांगू, रोग पडला म्हणू? म्हटलं, "आज्यान कापलो म्हणान सांग. रोग कसलो?" तिने फोनवर सांगितलं. पलीकडून बाई "ओके" म्हणाल्या आणि फोन बंद. जेवताना आम्ही तिघंही त्या ओकेचाच विचार करत होतो.

१६ नोव्हेंबर
बाई आल्या. मैत्रिणी दोन. मी नवी साडी नेसून गेले. वाळा गुडघ्याच्या खालीच अजून. वरून बघून एक मैत्रीण इंग्रजीत काहीतरी बोलली, हसली. सा. चे कान लाल.
बाई चपला काढून एकट्या खाली उतरल्या. एक बुडखा दोन्ही हातांनी ओढून बघितला. हलला नाही. ह्यांच्याकडे वळून विचारलं, कापणारे तुम्हीच? हे म्हणाले, "होय बाई. मियांच." मागे सरले नाहीत.
बाई तिथेच नदीकडे तोंड करून बसल्या. वर आल्यावर म्हणाल्या, बुधवारी जाताना सांगते.
सा. घरी येऊन निजली.
मी आणि हे ओहोळावर. बाईंच्या घराच्या वरच्या बाजूला लागतील तेवढे बुडखे फोडले, गोणपाटात ओले करून मागच्या दारी ठेवले. बाई काय ते बुधवारी सांगतील.