पाहुण्यांच्या बाकासमोर

प्रिय धाकट्या,

फोनवर सांगितलं असतं, पण आपलं स्वयंपाकघर आणि बाबांचं कुलपांचं दुकान यांच्यामधे एकच पातळ फळी आहे, हे तू विसरला नसशील. बाबांना हाक मारली तर ऐकू येत नाही. तुझं नाव कुजबुजलं तरी ऐकू येतं. म्हणून लिहितेय. घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. ठीकच्याही वर आहे.

यंदाच्या मोसमाचा पहिलाच सामना आपला आणि तुमचा, हे रेडिओवर सांगितलं तेव्हा बाबा कुणाच्या तरी कपाटाची किल्ली घासत होते. ('आपला आणि तुमचा' लिहिताना अजूनही माझा हात अडखळतो.) तुमच्या संघाचं नाव आलं आणि कानस थांबली. मग अशा तावात सुरू झाली की किल्ली वाया गेली. जेवताना म्हणाले, "यंदा मी जाणार नाही." एवढंच. या माणसाने मोसमाचा पहिला सामना चुकवलेला मला आठवत नाही. तू जन्मलास त्या दिवशीसुद्धा मध्यंतरात दवाखान्यात येऊन, तुझं तोंड बघून, उत्तरार्धाला परत गेले होते. आईने ते त्यांना जन्मभर ऐकवलं.

तू त्या संघाचा फिजिओ झालास तेव्हाचं तुला काय सांगू? "खाल्ल्या घरचे वासे मोजतो! माझ्या पोराने त्यांच्या पोटऱ्या चोळायच्या?" तू म्हणालास, "पोटरीला संघ नसतो, बाबा." बरोबरच होतं, पण बोललास ते दारात, हातात बॅग घेऊन. तेव्हापासून तुम्ही दोघं माझ्यामार्फत बोलता. तू विचारतोस, रक्तदाबाची गोळी घेतात ना? ते विचारतात, तिकडे थंडी फार आहे म्हणे? नाव तुम्ही दोघंही घेत नाही. मधल्या मधे मी. खरं सांगू, थकले होते रे.

एरवी मोसम जवळ आला की आपलं घर कसं असतं! गळपट्टा उन्हात पडतो, समोरचा न्हावी गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून दुकानात येतो आणि दोघं नव्या खेळाडूंची पार सालटी काढतात. यंदा न्हाव्याने विचारलं, "नवा गोलकीपर कसा वाटतो?" बाबा म्हणाले, "तुझं कुलूप झालंय, घेऊन जा." चिडलेले बाबा मला सांभाळता येतात. गप्प बसलेले नाही. रोज सकाळी चहा देताना मी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे, मग कपाकडे.

आणि गेल्या सोमवारी दाढीबिढी करून बाहेर पडले ते तिकीट घेऊनच परत आले. पण जागा बदलून! गोलामागचा तो आरडाओरड्याचा कोपरा सोडून बाजूच्या स्टँडमध्ये, अगदी खालच्या रांगेत. न्हावी हादरलाच. "अहो, या वयात माणसं दात बदलतात, जागा नाही!" त्याला सांगितलं, पायऱ्या चढवत नाहीत. मला सांगितलं, तिथून पाहुण्या संघाचा बाक समोरच असतो, शिव्या थेट पोचतात. मी "हो का" म्हटलं आणि भाजी ढवळत राहिले. इतकं हायसं वाटलं की मीठ दोनदा पडलं. ते मुकाट्याने जेवले, वर "बरी झालीय" म्हणाले. आता घरात पुन्हा आवाज आहे. गळपट्टा धुऊन दोरीवर आहे, गोलकीपर 'नुसता खांब' ठरलाय आणि रविवारच्या सामन्याला ऊन पडेल की ढग येतील यावर न्हाव्याशी भांडण चालू आहे.

हे सगळं तुला फोनवर हळूच सांगून भागलं असतं. पत्र लिहायला बसले ते कालच्यामुळे. काल संध्याकाळी बाबा न्हाव्याला म्हणत होते, "त्यांचा एखादा गडी पडला पाहिजे बघ. आमच्याच बाजूला." न्हावी खूश होऊन, "आडवा होऊ दे!" म्हणत गेला. तो गेल्यावर बाबांनी फळीवर टकटक केली आणि विचारलं, "काय गं, गडी पडला की फिजिओच धावत येतो ना? की दुसऱ्या कुणाला पाठवतात?" मी म्हटलं, फिजिओच. पलीकडे कानस दोन-चारदा फिरली. मग म्हणाले, "मग पडावा. फार लागू नये, पण पडावा." तर धाकट्या, रविवारी कुणी पडलंच आणि तू धावत मैदानात आलास, तर त्याचं सगळं नीट बघून झाल्यावर, परत जाताना खालच्या रांगेकडे एकदा मान वर कर. ते शिव्या देत असतील. देऊ देत. तू हात कर. आणि कुणीच पडलं नाही, तर सामना संपल्यावर लगेच बसमध्ये चढू नकोस. मी त्यांना मैदानाच्या फाटकापाशी घेऊन येते.

तुझीच,
तुम्हा दोघांच्या मधली ताई