आठवी ब, नारायणगावच्या राहुट्यांत

२ मार्च १९९८, सोमवार

"पोरीनं गाडीतच बसायचं." दादांचं, म्हणजे वडिलांचं, हे वाक्य आज हेडसरांसमोर उभी असताना आठवलं. मी तेव्हा नऊ वर्षांची. आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या जत्रेसाठी तमाशाची सुपारी द्यायला दादा आणि पंच नारायणगावला निघाले, तर मी हट्ट करून गाडीत चढले. पुरुष राहुटीत गेले. मी बाहेर, बैलांपाशी. आतून ढोलकी. मध्ये एक कापड, बस.

तर यंदा आठवीची सहल महाबळेश्वरला न्यायची नाही. आपल्याच भागातल्या कला बघायच्या. सकाळी लेण्याद्री, खांबांवरचे प्राणी वहीत काढायचे. तिथंच डबे. मग नारायणगाव. चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या घ्यायला तमाशावाल्यांच्या राहुट्या पडल्यात.

हेडसरांनी चष्मा काढला. "बाई, तमाशा?"

"दिवसा, सर. नुसती वाद्यं, गण आणि एखादी गवळण."

"लोक काय म्हणतील?"

"लेण्याद्रीला गणपती बघणार, राहुटीत गण ऐकणार. तमाशाची सुरुवातसुद्धा गणपतीनंच होते, सर."

चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "लेखी द्या."

लेखी द्या म्हणजे नकार नव्हे! घरी हे म्हणाले, "सहल काढतेस का फड?"

४ मार्च

मिळाली परवानगी. अटी: लावणी नाही, चारच्या आत बाहेर, प्रत्येक पालकाची सही. बुधवार, १८ तारीख. एस.टी.ला अर्ज दिला.

वर्गात सांगितलं. मुलगे बाकांवर चढले, मुली तोंडावर हात ठेवून हसतायत. फळ्याशेजारी लावायला ढोलकी-तुणतुण्याचं चित्र कोण काढेल म्हटलं, तर सगळी बोटं सुनंदाकडे. बरोबरच आहे, तिचा हात फार चांगला. राजुरीत मावशीकडे राहते, आई पुण्यात कंपनीत. मान हलवली तिनं. हसली मात्र नाही.

६ मार्च

चित्र आलं. काय चित्र आहे! ढोलकीच्या दोरीतल्या कड्या, चामड्याच्या पानावरचा काळा गोल, वाजवणाऱ्याच्या बोटाला गुंडाळलेली चिकटपट्टी.

"कुठं बघितलंस गं?"

"पुस्तकात, बाई."

कोणत्या पुस्तकात बोटाला चिकटपट्टी असते? हा प्रश्न मला पडला तो आत्ता, भाकरी थापताना.

८ मार्च, रविवार

राहुट्या आधी बघून आले. एकटीच. ओळीनं तंबू, प्रत्येकापुढे मोठा रंगीत फलक, आत टेबल, टेबलावर तारखांची वही. एका फडाचे मॅनेजर उठून उभेच राहिले.

"या, या. बायामाणसं येत न्हाईत हितं, पर या. गाव?"

"राजुरी."

वही उघडली. "जत्रा कधी?"

"येत्या अठराला."

"चैत्राच्या आधीच? देव कंचा?"

"देव नाही. आठवी ब."

पेन तसंच हातात. सगळं समजावून सांगितल्यावर इतके हसले की डोळे पुसायला लागले. "लई तारखा लिवल्या बाई या वहीत, पर शाळंची पयलीच." आणि खरंच लिहिली! बुधवारच्या पानावर: आठवी ब, दुपारी दोन. गवळण कोण म्हणेल ते शनिवारी सांगतो म्हणाले. चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

आणि आत होते मी. कापडाच्या आत.

११ मार्च

पिंपरी पेंढारहून एका मुलाचे वडील मोटरसायकलवर आले. रागात.

"बाई, आमी दर साली तमाशा बघतो. पोरांनी कशापायी बघायचा?"

"तुम्ही दर साली बघता म्हणजे चांगलाच असणार ना, भाऊ?"

शिपाईमामा खिडकीत हसले. मग भाऊही. सही केली, आणि जाता जाता हळूच, "दर साली बघतो ते घरात बोलू नका बरं."

सह्या सगळ्या आल्या. एक सोडून. सुनंदाची. "मावशीला येळ न्हाई, बाई." तीन दिवस तेच.

१४ मार्च, शनिवार

 जमेल तसं लिहिते.

सकाळची शाळा सुटल्यावर राहुटीवर गेले. मॅनेजर म्हणाले, "गवळण आमच्या इंदुबाई म्हणत्याल. त्यांच्यासारखा गळा न्हाई." इंदुबाई सतरंजीवर बसलेल्या, साधं सुती पातळ, मांडीवर गाण्यांची वही, काहीतरी उतरवून घेत होत्या.

"कंची शाळा?"

सांगितलं. लिहिणं थांबलं.

"आठवी म्हनला?"

"आठवी ब."

उठून मला कनातीआड घेऊन गेल्या. "सुनंदा माझी हाय, बाई."

कनातीचं कापड त्यांनी नीट ओढून घेतलं.

"शाळंत काय सांगितलंय तिनं?"

"तुम्ही पुण्यात कंपनीत आहात."

"मंग कंपनीतच ऱ्हाऊ द्या मला."

आठवडाभर मी हवेत, आणि त्या पोरीच्याच हातात ढोलकीचं चित्र दिलं. सगळ्या वर्गासमोर. चूक मुद्दाम केली नाही हे खरं, पण तिला काय फरक पडतो.

सहल मोडते म्हटलं, तर इंदुबाईंनी मनगट धरलं. "मोडू नगा. पोरांनी ऐकावं. दुसरी कुनी म्हनंल, मी आत बसून ऱ्हाईन."

बाहेर आले. फलकावर मधोमध त्यांचाच फोटो. रविवारी याच्याखालूनच आत गेले होते. सुनंदाची हनुवटी, सुनंदाच्या भुवया.

१६ मार्च, सोमवार

काल ठरवलं होतं, राहुटी रद्द. फलकाखालून सगळा वर्ग जाणार आणि ती एकटी घरी बसणार, ते नको. हेडसरांना सांगण्याआधी सुनंदाला ग्रंथालयात बोलावलं. आईला भेटले, कुणाशी बोलणार नाही, सहल फक्त लेण्याद्रीला नेऊ, तू ये, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. तिला हायसं वाटेल अशी माझी समजूत.

ती टेबलाची कड नखानं खरवडत राहिली.

"मी तिचं गाणं कदी ऐकलंच नाय, बाई."

"कधीच?"

"सुट्टीत भेटाया जाते तर दिवसा ढोलकीवाले मामा बसल्याले दिसत्यात, तेवढंच. दिवस कलला की मला परत धाडती. म्हणती, तू शाळा शिक." नख थांबलं तिचं. "समदी गावं ऐकत्यात. मीच नाय."

"पोरांना कळेल, सुनंदा."

"फोटो हाय की फलकावर. कळायचं तर कळंल." मग थेट माझ्याकडे बघून म्हणाली, "ती गाणार आसंल तर मावशीची सही घेऊन मी येते. नायतर नाय."

तेरा वर्षांची पोर. आपण चाळिशी उलटली तरी लोक काय म्हणतील याचीच उत्तरं तयार करत बसतो.

आईला लिहू का विचारलं. मान हलवली. या वेळी हसली, किंचित.

१७ मार्च, मंगळवार

राहुटी रद्द केलेली नाही. गाडी उद्या सकाळी सातला शाळेपाशी. पोरांनी आजच पेन्सिली टोकदार करून ठेवल्यात, वर्गात सालपटांचा ढीग. "बाई, गण म्हणताना आपण टाळ्या वाजवायच्या का?" दिवसभर हेच. मला स्वतःला दोन घास गेले नाहीत, आनंदानं म्हणावं का धास्तीनं.

इंदुबाईंना चिठ्ठी दोनदा लिहून फाडली. पहिली भाषणासारखी झाली, कला वगैरे. दुसरीत नुसती माफी. तिसरी बंद पाकिटात घालून दुपारी शिपाईमामांबरोबर नारायणगावला पाठवली. जे लिहिलं ते इथं उतरवून ठेवते.

"इंदुबाई, उद्या दोन वाजता आम्ही येऊ. तुम्ही आत बसून राहणार म्हणालात. तुम्ही लेकीला दूर का ठेवलंत ते मला समजतं. मला मूल असतं तर मीही कदाचित तेच केलं असतं. पण हे मी मागत नाही, सुनंदा मागते आहे. तिला विचारून लिहिते आहे. तुम्ही गाणार असाल तरच ती येणार. तुम्ही नाही म्हणाल हे धरूनच चाललेय. तरी विचारते. एक गवळण तिच्यासमोर म्हणाल का?"